भुरीला जे रात्री दोनला कळले, ते मला दहालाच कळले होते का?

अंगणवेल (सहकारनगर):

नमस्कार. गेले तीन आठवडे एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडते आहे.

आमच्या घरी मी, माझे यजमान आणि माझी ७८ वर्षांची आई असे तिघे राहतो. आईला पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेली सहा वर्षे ती सकाळी व रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन घेते. घरातली चौथी म्हणजे भुरी. ही गावठी कुत्री चार वर्षांपूर्वी भर पावसात आमच्या पार्किंगमध्ये येऊन बसली आणि तेथून हळूहळू वर आली. तिचा एक कान कायमचा दुमडलेला आहे. तिला कोणतेही प्रशिक्षण दिलेले नाही, हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या गोष्टीत त्याला महत्त्व आहे.

त्या दिवशी एकादशी होती. डॉक्टरांनी मनाई केली असूनही आई एकादशी सोडत नाही. रात्री तिने नेहमीइतकेच इन्सुलिन घेतले, पण भगर आणि दाण्याची आमटी जेमतेम चार घास खाऊन पान बाजूला सारले. ते पान उचलताना मला काहीतरी खटकले. नऊ वाजता ग्लुकोमीटरवर साखरेचा आकडा १४२ आला, म्हणजे काळजीचे कारण नव्हते. दहा वाजता अंथरुणावर पडले तरी छातीत एक बारीकशी अस्वस्थता होती. ‘आकडा चांगला आहे, तुला उगाच काळजी करण्याची सवयच आहे’ असे मी स्वतःला बजावले आणि झोपले.

रात्री दोनच्या सुमारास भुरीने माझ्या तळहाताला नाक लावून मला उठवले. ती कण्हत होती, आईच्या खोलीच्या दाराशी जात होती आणि पुन्हा माझ्याकडे येत होती. मी तिला रागावले, गॅलरीत नेले आणि दार लावून घेतले. ती दारावर पंजे ओढत भुंकत राहिली. शेवटी वरच्या मजल्यावरून फोन आला, म्हणून यजमान तिला आत घ्यायला उठले. आईच्या खोलीवरून जाताना त्यांना आतून पुटपुटल्यासारखा आवाज आला. आई घामाने भिजली होती आणि मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. मीटरवर ४६ हा आकडा होता, म्हणजे साखर फारच खाली गेली होती. साखरेचे पाणी पाजल्यावर पंधरा मिनिटांनी तो ७१ झाला आणि ती नीट बोलू लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रात्रीचे इन्सुलिन कमी केले.

आता माझे प्रश्न. भुरीला खरोखर काही कळले होते, की हा योगायोग होता? मला दहा वाजताच जे वाटत होते, त्यावर मी विश्वास का ठेवला नाही? आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यांत जास्त बोचते. जिला मी गॅलरीत कोंडले, ती सकाळी रोजच्यासारखीच येऊन माझ्या गुडघ्यावर डोके ठेवून बसली. हे मी कसे घ्यावे, ते मला कळत नाही.


निवृत्त पशुवैद्य:

आपल्या मातोश्री सावरल्या हे वाचून बरे वाटले. मी ३४ वर्षे पशुवैद्यक म्हणून काम केले, त्यातील पहिली १२ वर्षे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आणि पुढची पुण्यात. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला थोडे सावधपणे द्यावे लागेल.

कुत्र्याच्या नाकात वास ओळखणारे ग्राहक वीस कोटींच्या पुढे असतात, तर माणसाच्या नाकात ते साधारण पन्नास-साठ लाख असतात. रक्तातील साखर उतरली की श्वासातील काही घटक बदलतात. २०१६ साली केंब्रिजमधील संशोधकांनी टाइप १ मधुमेह असलेल्या आठ स्त्रियांची साखर देखरेखीखाली खाली आणून त्यांचा श्वास तपासला, तेव्हा त्यांना आयसोप्रीन नावाचा वायू लक्षणीय वाढलेला आढळला. काहींच्या बाबतीत तो जवळजवळ दुप्पट झाला होता. प्रशिक्षित कुत्रे अशा वेळी मालकाला सावध करतात, मात्र त्यांची अचूकताही एकेका कुत्र्यागणिक पुष्कळ वेगळी असते. त्यामुळे भुरीला आपल्या आईंच्या श्वासाचा किंवा घामाचा बदललेला वास आला असणे अगदी शक्य आहे, तथापि त्यावर शपथ घेता येणार नाही.

दुसरीही एक शक्यता आहे आणि ती मला अधिक विचार करायला लावते. २०२२ साली बेलफास्टमध्ये एक प्रयोग झाला. ३६ माणसांना तोंडी हिशेबाचे अवघड काम देऊन त्याआधीचे आणि नंतरचे घाम व श्वास यांचे नमुने घेतले गेले, आणि चार कुत्र्यांपुढे ते ठेवले गेले. ताणाखालच्या माणसाचा नमुना त्या कुत्र्यांनी ९० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखला. म्हणजे आपण रात्री दहा वाजता जी अस्वस्थता ‘उगाच’ म्हणून बाजूला ठेवली, तिचा वास आपल्या अंगाला येत असावा. भुरी प्रथम आपल्या हाताशी आली आणि मग आईंच्या दाराशी गेली, असे आपण लिहिले आहे. कदाचित तिने त्या रात्री दोन माणसांचे वास घेतले असतील.

आपल्याला जे खटकले, त्यात गूढ काही नव्हते. पूर्ण मात्रेचे इन्सुलिन आणि अर्धे टाकलेले पान, या दोन गोष्टी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांची बेरीज अंगाने केली, ती शब्दांत यायची राहिली होती, आणि तेवढ्यात १४२ या आकड्याने ती पुसून टाकली. नऊ वाजताचा आकडा नऊ वाजताचेच सांगतो. कुत्र्याजवळ पुसून टाकण्याचे हे साधन नाही. त्याला जे जाणवते ते जाणवत राहते, आणि कोणीतरी उठेपर्यंत ते त्याला स्वस्थ बसू देत नाही.

जुन्नरकडे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह पडणारे तळ, शेतात उतरत, तेव्हा मी मेंढ्या तपासायला रात्री-अपरात्री जात असे. तेथे बिबट्याची भीती नेहमीचीच होती. एका म्हाताऱ्या धनगराने मला सांगितले होते की, कोल्हा आला तर कुत्रे भुंकत धावते, पण वाघरू आले तर ते घशातल्या घशात गुरगुरत माणसाच्या पायाशी येऊन उभे राहते. कुत्र्याने आवाज दिला की तो माणूस विजेरी घेऊन उठत असे, आणि दहापैकी आठ-नऊ वेळा बाहेर काही नसे. त्याने त्याबद्दल कुत्र्याला कधी हाड् म्हटलेले मी पाहिले नाही. कुत्रे बरोबर आहे की चूक हा प्रश्न तो अंथरुणात पडून सोडवत नव्हता. उठून पाहत होता, एवढेच. आपणही तेच करावे, असे मला वाटते: भुरी उठवील तेव्हा उठावे आणि मीटर लावावे. विश्वास ठेवणे आणि पडताळून पाहणे यांत मला विरोध दिसत नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल एकच सांगतो. कुत्र्याच्या चेहऱ्यावर आपण आपल्याच मनातले वाचतो. २००९ साली न्यूयॉर्कमधील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्याला आपण कुत्र्याची ‘अपराधी नजर’ म्हणतो ती त्याने खाऊ चोरला की नाही यावर अवलंबून नव्हती, तर मालक रागावला की नाही यावर होती. काहीच न केलेल्या पण बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांची नजर सर्वांत अपराधी दिसली. तेव्हा भुरीने आपल्याला क्षमा केली असे म्हणण्याआधी थोडे थांबावे. तिच्या लेखी क्षमा करण्यासारखे काही घडलेच नसेल.


धायरीची आई:

मला कुत्र्यांविषयी विशेष प्रेम नाही, हे प्रथमच सांगते. तरीही हा धागा वाचून लिहावेसे वाटले, कारण माझ्या मुलाच्या बाबतीत नेमकी उलटी घटना घडली आहे आणि तिचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे.

मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही शिकवणीहून घरी येत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कुत्री चार पिलांना घेऊन पडलेली असे. त्या संध्याकाळी मुलगा मध्येच थांबला आणि म्हणाला, ‘आई, आज आपण मागच्या रस्त्याने जाऊ.’ मी कारण विचारले तर त्याला सांगता येईना. दिवसभराच्या कामाने मी दमले होते, हातात भाजीची पिशवी होती. ‘काही करत नाही ती, रोज तर बघतोस’ असे म्हणून मी त्याचा हात धरून पुढे ओढले. तिने त्याच्या पोटरीला चावा घेतला.

जखम साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटे धुतली, त्याच रात्री दवाखाना गाठला, जखमेभोवती सीरम दिले गेले आणि लशीचे सगळे डोस त्या त्या तारखेला पूर्ण केले. तो सुखरूप आहे. पण पुष्कळ महिन्यांनी मी त्याला पुन्हा विचारले की तुला तेव्हा काय वाटले होते, तेव्हा तो म्हणाला, ‘ती उठून उभी होती, आणि शेपूट हलत नव्हते.’ रोज ती पडलेली असे. त्या दिवशी ती उभी होती, ताठ होती, आणि पिले तीनच दिसत होती. हे सगळे माझ्याही डोळ्यांपुढे होते.

म्हणून ‘कुत्र्यांकडून विश्वास आणि प्रेम शिका’ असे कोणी म्हणाले की मला ते अर्धवट वाटते. कुत्र्याची जाणीव प्रेमाकडे नेते तशीच ती दाताकडेही नेते, आणि त्या कुत्रीची जाणीवही आपल्या पिलांपुरती खरीच होती. तिने आधी इशारा दिला होता. तो आठ वर्षांच्या मुलाला वाचता आला, मला आला नाही. त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे. मुलाने ‘मला तिकडे जायचे नाही’ किंवा ‘मला त्यांच्याकडे नको’ असे म्हटले, तर कारण सांगता येत नाही म्हणून मी ते मोडून काढत नाही. ते काका असोत, रस्ता असो किंवा कुत्रे असो. मोठ्या माणसांना नमस्कार कर, पापा दे, घाबरू नकोस, असे म्हणत आपण मुलांच्या अंगातली ही जाणीव फार लवकर बोथट करतो, आणि मग पन्नाशीत ती कुठे गेली म्हणून शोधत बसतो.

अंगणवेल, तुम्हाला दोष देण्याचा हेतू नाही. मला स्वतःला तो दोष चांगला ओळखीचा आहे.


तळजाईची पायवाट:

धायरीच्या ताईंचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांशी रोज संबंध येणारा माणूस म्हणून मी त्यात थोडी भर घालतो.

मी गेली नऊ वर्षे रोज पहाटे तळजाई टेकडीवर फिरायला जातो. वाटेत एक काळा कुत्रा भेटे. त्याच्या पाठीवर भाजल्याचा जुना व्रण होता, आणि माणसाने हात उचलला की तो दहा पावले मागे सरे. पहिले कित्येक महिने मी त्याला बिस्किटे टाकत असे. (आता टाकत नाही, बिस्किटे त्यांना चांगली नसतात, घरून पोळी आणि उकडलेले अंडे नेतो.) तो मी लांब गेल्यावर येऊन खाई आणि निघून जाई. मग एके दिवशी माझ्याजवळ द्यायला काही नव्हते, म्हणून मी नुसताच त्याच्यापासून थोड्या अंतरावर दगडावर, त्याच्याकडे न पाहता, बसून राहिलो. असे पुष्कळ दिवस चालले. अखेर एका सकाळी त्याने माझ्या पाठीला पाठ टेकवली. समोरून नव्हे, मागून आला तो.

पुढे आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) कोलकाता येथील अनिंदिता भद्रा यांच्या गटाचे संशोधन वाचनात आले आणि या अनुभवाचा अर्थ लागला. रस्त्यावरच्या कुत्र्यांना अनोळखी माणसाने वारंवार खाणे दिले, आणि दुसऱ्या काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला, तर कालांतराने कोणाचा विश्वास अधिक बसतो, हे त्यांनी पाहिले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हात फिरवला गेलेल्या कुत्र्यांचा माणसावरचा विश्वास अधिक टिकलेला दिसला. ज्यांचे पोट रोज अर्धे असते, अशा जिवांबद्दल हे आहे. त्याचा अर्थ दिसेल त्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवावा असा मात्र कोणी घेऊ नये. पिलांजवळच्या, खात असलेल्या किंवा ताठ उभ्या असलेल्या कुत्र्यापासून लांबच राहावे.

त्या काळ्याने मला जे दाखवले ते ‘आंधळा विश्वास’ नव्हते. त्याने मला कित्येक महिने तपासले. माझी चाल, माझा हात, माझी येण्याची वेळ, सोबत कोण आहे, हे सगळे त्याने मोजून घेतले, आणि एकदा ठरवल्यावर मात्र पुन्हा मोजले नाही. एकदा माझा पाय चुकून त्याच्या शेपटीवर पडला, तेव्हा तो केकाटला, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा सोबत चालू लागला. माणसांच्या बाबतीत मी नेमके उलटे करत आलो आहे. ओळख होताच घाईने विश्वास टाकतो, आणि जवळचे झाल्यावर रोज नव्याने संशय घेतो. माझ्या सख्ख्या भावाशी मी एका वाक्यावरून अकरा वर्षे बोललो नव्हतो. गेल्या दिवाळीत त्याच्या दाराशी गेलो. त्याचे श्रेय मी त्या कुत्र्याला देतो, आणि हे मी अतिशय गांभीर्याने लिहितो आहे.

म्हणून भुरी सकाळी गुडघ्यावर डोके ठेवते, त्याला, डॉक्टरसाहेब सांगतात त्याप्रमाणे, क्षमा म्हणू नका हवे तर. चार वर्षांत तिचे तुम्हाला पुरते मोजून झालेले आहे. एका रात्रीच्या गॅलरीने तो हिशेब बदलला नाही.


जुने पान:

एक लहानशी आठवण. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याला सोडायला नकार देतो, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. ती सांगताना बहुधा शेवटावर, म्हणजे तो कुत्रा धर्मच होता यावर, भर दिला जातो. पण इंद्राशी वाद घालताना युधिष्ठिराला हे ठाऊक नसते. तो कुत्र्याचे गुण सांगत नाही, त्याने आपल्यासाठी काय केले तेही सांगत नाही. हा माझा भक्त आहे आणि भक्ताचा त्याग हे मोठे पाप आहे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. वाटेत द्रौपदी आणि चारही भाऊ पडले तेव्हा तो मागे वळलेला नाही, हे लक्षात घेतले तर कुत्र्यासाठी त्याचे थांबणे अधिकच विलक्षण वाटते.

भुरीने काय जाणले, याची चर्चा वर चांगली झाली आहे. अंगणवेल यांचा तिसरा प्रश्न मात्र मला भुरीविषयीचा वाटत नाही. आपल्यावर विसंबलेल्या जिवाशी आपण कसे वागलो, हा तो प्रश्न आहे, आणि तो बोचतो आहे हे चांगलेच लक्षण आहे. तो कोणी समजूत घालून काढून टाकू नये.


अंगणवेल (सहकारनगर):

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक उत्तर मी दोनदा वाचले, आणि धायरीच्या ताईंचे आईलाही वाचून दाखवले.

पशुवैद्य डॉक्टरांनी जी दुसरी शक्यता लिहिली, तिने मला हलवून सोडले. भुरीने कदाचित माझीच अस्वस्थता हुंगली असेल, म्हणजे मी जे दाबून टाकले ते तिने उचलून धरले, हे माझ्या मनातही आले नव्हते. खरे काय ते कधी कळणार नाही, पण त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली आहे. रात्री काही खटकले की ते मनात न ठेवता यजमानांना मोठ्याने सांगते: ‘आईने आज अर्धीच भाकरी खाल्ली.’ एवढे एक वाक्य. ते बोलून झाल्यावर आकडा पाहते. आधी आकडा पाहिला की वाक्य तोंडातून बाहेरच पडत नाही, असे माझ्या लक्षात आले आहे.

गेल्या पंधरा दिवसांत भुरीने रात्री तीनदा उठवले. पहिल्या वेळी आकडा ११८ होता, आणि जिन्यात मांजर होते. दुसऱ्या वेळी १३०, आणि कारण काहीच सापडले नाही. दोन्ही वेळा धनगराची आठवण ठेवली आणि तिला रागावले नाही. तिसऱ्या वेळी, परवा पहाटे, आकडा ६४ होता. आई पूर्ण जागी होती आणि तिला काहीच जाणवत नव्हते. तिला तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी आकडा पाहिला, मग दूध आणि पोळी दिली. सकाळी डॉक्टरांना कळवले, त्यांनी डोस पुन्हा पाहिला आहे.

येत्या एकादशीबद्दल मी आईशी वाद घालणार होते. त्याची गरज पडली नाही. उत्तरे वाचून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘मी जेवले नाही तर ती रात्रभर झोपायची नाही.’ ती माझ्याबद्दल म्हणाली की भुरीबद्दल, हे मी विचारले नाही.

गॅलरीच्या दाराच्या आतल्या बाजूला रात्री लावायची कडी होती, ती यजमानांनी काढून टाकली. त्या रात्रीचे नखांचे ओरखडे दारावर तसेच आहेत. दिवाळीआधी घराला रंग द्यायचे ठरले आहे, पण ते दार तसेच ठेवा असे मी रंगाऱ्याला सांगितले आहे.